गल्लीच्या तोंडावरची तुळई

नाल्यावरचा जुना दगडी पूल पाडायला घेतला आणि आकारामच्या गल्लीची झोप उडाली. नाल्यातनं मुरूम टाकून तात्पुरती वाट केली होती, आणि तिथनं पेठेत शिरायला सगळ्यात जवळचा रस्ता म्हणजे ही गल्ली! दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागं सरावं लागे, अशा गल्लीतनं आता ट्रक आणि उसाच्या बैलगाड्या घुसू लागल्या. धूळ ताटात, धूळ माठात, धूळ वाळत टाकलेल्या धडुत्यात. हंबीररावाच्या पिठाच्या गिरणीची पायरी एका ट्रकनं उचकटून टाकली. त्याची म्हातारी आई दारात बसली होती, ती थोडक्यात वाचली.

कचेरीत अर्ज झाले. "पूल होईस्तोवर कळ काढा," एवढंच उत्तर आलं.

या सगळ्याचं आकारामला काहीच वाटत नव्हतं. सूतगिरणीतनं निवृत्त झालेला हा माणूस दिवसभर आपल्या दारातल्या कट्ट्यावर बसून असे. त्याची बायको चिमणाबाई दिवाळीच्या तोंडावर गेली. तो रडलाही नव्हता. शेजारची हुसेनबी दुपारी ताट आणून ठेवी, तो जेवे. पण भाजी कसली होती ते विचारलं तर त्याला सांगता येत नसे. ट्रक गेला की पापण्यांवर धूळ बसे. ती पुसायलाही त्याचा हात उठत नसे.

एके सकाळी हंबीरराव दोन माणसं घेऊन आला.

"तात्या, तुमच्या परड्यात जुनी तुळई पडलीया न्हवं? गल्लीच्या तोंडाला आडवी टाकतो. साखळदंडानं खांबाला बांधून कुलूपच घालतो. बघू या आता कोण शिरतंय!"

"घ्या," आकाराम म्हणाला.

"आन् तुम्ही हितं बसलेलंच असताय. कोण साखळीला हात लावाय लागला तर हाळी द्या."

"बरं."

हुसेनबी दारात उभी होती. तिच्या घरी कापूस पिंजून गाद्या भरायचा धंदा. धुळीनं तिच्याइतकं नुकसान कुणाचंच होत नव्हतं. तरी ती म्हणाली, "हंबीरराव, वाट अशी बंद करू नगा. कवा कुणावर काय वेळ येईल, सांगता येतंय व्हय?"

"अवं, तुमचाच कापूस काळा पडायला लागलाय की!"

"पडतोय. झाडून घेईन. माणूस अडला तर काय झाडू?"

पण तिचं कोण ऐकणार? तुळई आडवी पडली. गल्ली शांत झाली. वाहनं लांबच्या रस्त्यानं वळली आणि तिकडं सकाळ-संध्याकाळ गाड्यांची रांग लागू लागली. गल्लीतल्या लोकांनी मोकळा श्वास घेतला. रांगेत कोण खोळंबलंय, याची चौकशी करायची गरज कुणालाच वाटली नाही.

एका दुपारी पुलाच्या कामावरचा ट्रक करकचून ब्रेक लावत तुळईपाशी थांबला. मुकादम पिराजी खाली उडी टाकून ओरडला, "काढा! काढा ही तुळई! कमानीचा दगड माणसाच्या अंगावर आलाय! त्याला थोरल्या दवाखान्यात न्यायचंय, लांबच्या रस्त्याला रांग लागलीया!"

ट्रकच्या हौद्यात केरबा नावाचा मजूर पडला होता, राधानगरीकडचा. मांडीपासून खाली त्याचं धोतर लाल झालं होतं. दोघांनी त्याला धरलं होतं.

आकाराम कट्ट्यावरच बसून होता. "किल्ली हंबीररावाकडं हाय," तो म्हणाला. "तो गडहिंग्लजला गेलाय, लग्नाला."

"मग तोडू की! कुऱ्हाड हाय का? पहार हाय का?"

पहार आकारामच्या घरातच होती, दाराआड. त्याला ते ठाऊक होतं. पण तो उठला नाही. तो केरबाकडं बघत राहिला, जसा इतके दिवस ट्रककडं बघत होता तसा.

तेवढ्यात हुसेनबी बाहेर आली. केसांना कापूस चिकटलेला, हातात दाभण.

"आकारामभाऊ! बसलाय काय? उठा!"

तो हलला नाही.

"चिमणाला आपुन दवाखान्यात नेलं, तवा रिक्षाला वाट कुणी करून दिली? बाजारातल्या अनोळखी माणसांनी! हातगाड्या ढकलून बाजूला घेतल्या त्यांनी. ती वाचली न्हाय, पर वाट मिळाली न्हाय म्हणून मेली, असं तर तुम्हाला म्हणावं लागलं न्हाय! ह्याच्या बायकूला काय सांगायचं?"

चिमणाबाईचं नाव ऐकलं आणि आकाराम उभा राहिला. कसा, ते त्यालाही कळलं नाही. तो आत गेला, पहार घेऊन आला. साखळीच्या कड्यात पहार घालून त्यानं जोर केला. म्हातारे हात घसरले, तळव्याचं सालटं निघालं. पिराजीनं हात लावला, हुसेनबीनंही लावला. कडं तुटलं. तुळई धाडकन खाली आली, तिघांनी ती ओढून बाजूला केली आणि ट्रक धुरळा उडवत निघून गेला!

केरबा वाचला. पाय मात्र गुडघ्याखालून काढावा लागला. थोडं आधी आणलं असतं तर पाय राहिला असता का, हे डॉक्टरांना कुणी विचारलं नाही. उत्तर ऐकायची कुणाची छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी हंबीरराव तावातावानं आला. "तात्या, राखण करा म्हणलं, तर तुम्हीच साखळी तोडली? माझी आई चाकाखाली जात हुती, इसरला?"

"इसरलो न्हाय," आकाराम म्हणाला. "तिची काळजी घेऊ. गाडी हळू जाईल असं करू. मी स्वतः उभा राहतो. पर तुळई माझी हाय, आन् ती आता रस्त्यात पडायची न्हाय!"

हुसेनबी हलक्या आवाजात म्हणाली, "तुमच्या आईला घेरी आली, तर तिलाबी ह्याच वाटनं न्यायचं हाय, हंबीरराव." हंबीररावानं तुटलेलं कडं उचललं. मग म्हणाला, "रस्त्यावर पाणी मारायला गिरणीवरचं पिंप देतो."

वाचकहो, पूल पाडला की त्रास होतोच. तो सोसताना आपण दाराबाहेरची वाटही आपलीच समजू लागतो, आणि पलीकडचा माणूस आपल्याला दिसेनासा होतो. जो वाट अडवतो तो दोषी खराच. पण जो नुसता बघत बसतो, तोही त्या वाटेत आडवाच पडलेला असतो.

आकाराम रोज गल्लीच्या तोंडाला उभा राहू लागला. एकदा एक उसाचा गाडीवान त्याच्यावर खेकसला, "ओ पावणं, सरका की बाजूला! रस्ता काय तुमच्या बाचा हाय?"

"तुझ्याबी बाचा न्हाय!" आकाराम गरजला. "बैलं हळू हाक! म्हातारी बसलीया दारात!"

कितीतरी महिन्यांत तो पहिल्यांदाच कुणावर चिडला होता. त्याचे डोळे भरून आले, आणि धूळ गेली असेल म्हणून त्यानं ते धोतराच्या सोग्यानं पुसले.