कासूची माती

पेणची आसावरी रोह्याच्या कॉलेजात शिकवता शिकवता पीएच.डी. करत होती, आणि तीही एका नखरेल जिवाणूकुळावर. ही मंडळी प्रयोगशाळेतल्या बशीत काही केल्या वाढत नाहीत. साखर द्या, मीठ द्या, ऊब द्या, ढिम्म! मातीतल्या डीएनएवरून ती कुठे राहतात, एवढंच काय ते कळतं. म्हणून तिनं धरमतरच्या खाडीकाठचा चिखल, जोह्याच्या तळ्यातला गाळ आणि कासूच्या महिपतीकाकांच्या भातशेतातली माती जमवली.

कासूच्या शेतात ती स्वतः उतरणार होती, पण काकांनी माती भरायची नळी तिच्या हातातून काढूनच घेतली. "मॅडम, तुम्ही कशाला चिखलात? परवा ठेसनावर आणून देतो."

हे जिवाणू खाऱ्या मातीतलेच, असं आजवर सगळे धरून चालले होते. कासूच्या गोड्या मातीत ते भरभरून सापडले आणि गाइड खुर्चीतून उठले. प्रबंधाचं सोनं झालं होतं. "खात्रीला एकदा परत माती आणा," एवढंच ते म्हणाले.

या वेळी आसावरी सलवार दुमडून थेट शेतात उतरली. ते बघून काकांचा चेहरा पडला.

"मॅडम, मागची माती यातली नाय. तुम्ही बोललात जंतू शोधताय. माझ्या शेतात जंतू निघाले असं गावभर झालं, तर बियाणं कोण घेल? म्हणून सासऱ्याच्या शेतातली दिली, धरमतरची, खाडीकाठची. तिथं काय निघायचं ते निघू दे."

"माझ्या बापाच्या शेतात जंतू?" बांधावरून काकांच्या पत्नी विमलबाई कडाडल्या.

आसावरीला रडूच आलं. आठ महिने पाण्यात गेले होते. तरी तिनं समजावलं, की हे जंतू निरुपद्रवी, दुर्मीळ, आणि ज्या शेतात सापडतील त्याचं नाव प्रबंधात छापून येणार. हे ऐकून विमलबाईंची मान ताठ झाली आणि काका स्वतःच नळीत माती भरू लागले.

नव्या मातीचा निकाल आला, शून्य. आसावरीनं फोनवर कळवलं.

"सासऱ्याकडं हाय आन माझ्यात नाय? नीट बघितलंत ना?"

"दोनदा बघितलं, काका."

"मग एक पाटीभर तिकडची माती आणून टाकू काय शेतात? पुढल्या टायमाला निघतील."

"नको," आसावरी म्हणाली. पण तेवढं म्हणायला तिला चांगली चार-पाच सेकंदं लागली.