पंक्चरवाल्या वहिनींची सतरंजी

मित्रांनो, या, बसा. संकोच करू नका. लोकांनी बसावे म्हणूनच माझा जन्म झाला. मी एक जुनी सतरंजी आहे. माझे पट्टे एके काळी निळे आणि तांबडे होते. आता त्यातला निळा कोणता आणि तांबडा कोणता, हे चांगल्या उजेडातच कळते.

मला दोघी जावांनी विणले. घरामागच्या पडवीत त्यांचा माग होता. त्यांचे एकमेकींशी अजिबात पटत नसे, पण मागावर बसल्या की चारही हात एका तालात चालत. तोंडाने भांडण आणि हाताने वीण, असे करत करत मी घट्ट होत गेले. कदाचित म्हणूनच पुढे मी राजकारणात टिकले.

हो, राजकारणात. मला एका पक्षाच्या कचेरीसाठी विकत घेतले. कचेरीत एक लांबट दालन होते, समोर लाकडी मंच आणि मंचावर खुर्च्या. खुर्च्यांवर पुढारी बसत, माझ्यावर बायका बसत. तसे कोणी ठरवलेले नव्हते, पण कधी चुकतही नव्हते.

मला अंथरायचे आणि उचलायचे काम महिला आघाडीकडे होते, म्हणजे खरे तर वहिनींकडे. कचेरीच्या कोपऱ्यावर त्यांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. यजमान चाके सरळ करत आणि वहिनी पंक्चर काढत. म्हणून सारी पेठ त्यांना पंक्चरवाल्या वहिनी म्हणे. सभा असली की त्या हात पुसत पुसत येत, मला झटकून अंथरत आणि गल्लोगल्ली फिरून बायका गोळा करून आणत. सभा संपली की पुढारी मोटारीत बसत आणि वहिनी माझी घडी घालत. पक्षात जन्मभर राबून ज्याच्या हाती काही लागत नाही, त्याला लोक 'सतरंज्या उचलणारा' म्हणतात. वहिनींच्या बाबतीत तो वाक्प्रचार नव्हता, रोजचे काम होते.

एकदा खुर्चीचा पाय अडकून माझा कोपरा फाटला. "फेकून द्या, नवी आणू," कचेरीचे चिटणीस म्हणाले. वहिनींनी मात्र दुकानातून ट्यूबचा तुकडा आणला, कानशीने घासला, सोल्युशन लावून माझ्या पोटाशी चिकटवला आणि वरून हातोडी ठोकली. "आता दुसरीकडे फाटेल, पण इथं नाही," त्या म्हणाल्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले, आपण कोणाच्या तरी आहोत.

मग विधानसभेची निवडणूक आली. पक्षाच्या अध्यक्षांना सगळे साहेब म्हणत. साहेब आता थकले होते. आपल्या जागेवर या वेळी आपली सून उभी राहील, असे त्यांनी मंचावरून जाहीर केले. "महिलांना संधी!" ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. सूनबाई शेवटच्या खुर्चीवर मान खाली घालून बसल्या होत्या. ही बातमी त्यांनाही आमच्याबरोबरच कळली असावी, असा त्यांचा चेहरा होता.

तेवढ्यात वहिनी उठल्या. त्यांचा आवाज स्थिर होता. पायांची बोटे त्यांनी माझ्यात घट्ट रोवली होती, पण ते फक्त मला कळत होते.

"साहेब, सूनबाईंना उमेदवारी मिळाली, आनंद आहे. पण आघाडीतल्या आम्हा बायकांचं काय?"

"अहो वहिनी, तुम्ही तर पक्षाचा पाया!"

"पाया मातीत गाडलेलाच राहतो, साहेब. आम्हाला एखादी खिडकी करा की. बाहेरचं दिसेल तरी."

हशा पिकला. साहेबही हसले. बायका मात्र हसल्या नाहीत. सभा संपली तरी एकही बाई माझ्यावरून उठली नाही. घोषणा नाही, आरडाओरडा नाही, नुसत्या बसून राहिल्या. मंचावरचा चहा गार झाला. शेवटी साहेबांनी दोघातिघांशी कुजबुज केली आणि म्हणाले, "बरं, नदीपलीकडची जागा वहिनींना."

नदीपलीकडे पक्ष कधीच निवडून आला नव्हता. मागून कोणीतरी पुटपुटले, "पडायलाच दिली." वहिनींनी ते ऐकले. "दिली ना? मग झालं," त्या म्हणाल्या.

पक्षाने त्यांना ना मंच दिला, ना खुर्च्या. यजमानांनी मला गुंडाळून सायकलच्या कॅरियरला बांधले आणि आम्ही तिघे पूल ओलांडून निघालो. जिथे चार माणसे दिसतील तिथे मला अंथरायचे, की झाली सभा. मंच नव्हता, म्हणून कोणाला बुजायला होत नसे. कारखान्यातून सुटलेल्या बायका डबा मांडीवर ठेवून बसत. एक म्हातारी माझ्यावरून हात फिरवत म्हणाली, "मतं मागायला सगळे येतात गं. बसायला कोणी येत नाही."

तेव्हापासून वहिनी आधी ऐकत आणि मग बोलत. बस फाट्यावरच थांबते, पुढची वाट अंधाराची. दवाखान्यात बाई डॉक्टर नाही, म्हणून बायका दुखणे अंगावर काढतात. हे सारे मीही ऐकत होते.

एका चौकात एक जण ओरडला, "पंक्चर काढणारी बाई राज्य काय चालवणार?"

वहिनी म्हणाल्या, "हवा भरणारे पुष्कळ झाले, भाऊ. गळतंय कुठं, ते बघणारं कोणी नको का?"

सारा चौक हसला. तोही हसला, आणि येऊन माझ्या कडेला बसला.

तरी वहिनी पडल्या. थोडक्यात पडल्या, पण पडल्याच. त्या दिवशी रिकाम्या कचेरीत त्या एकट्याच माझ्यावर बसून रडल्या. मग नाक पुसून, मला काखेत घेऊन दुकानात गेल्या. यजमान म्हणाले, "आज राहू दे ना." त्या म्हणाल्या, "निकाल लागला म्हणून लोकांच्या चाकांत हवा राहिलीय होय?" आणि आठवड्याच्या सुटीला पुन्हा नदीपलीकडे निघाल्या. मते देणाऱ्यांना भेटायला नको?

सूनबाई मात्र निवडून आल्या होत्या. एका दुपारी त्या मोटार लांब उभी करून दुकानात आल्या. "वहिनी, मी तिथं नुसती बसते. घरून सांगतील तेव्हा हात वर करते. काय विचारायचं, तेच मला कळत नाही."

"माझ्याबरोबर पलीकडे चला. तिथं कळेल."

सूनबाई पहिल्यांदाच माझ्यावर बसल्या. मांडी काही घालता येईना, पण त्या तासन्‌तास ऐकत राहिल्या. पुढच्या अधिवेशनात त्यांनी बसचा प्रश्न विचारला. उत्तर मिळाले नाही, तर पुन्हा विचारला. शेवटी बस वस्तीपर्यंत येऊ लागली. पहिल्या दिवशी बायकांनी ड्रायव्हरलाच हार घातला आणि तो बिचारा लाजून लाल झाला.

पुढची निवडणूक आली. आता नदीपलीकडची जागा पिकली होती, तेव्हा साहेबांना एकदम आपला पुतण्या आठवला. कचेरीत मला अंथरून उमेदवार ठरवण्याची बैठक झाली, तीत त्यांनी त्याचे नाव पुढे केले. सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, पेरलं वहिनींनी, आणि कापायला भाऊजी?"

साहेबांनी चष्मा काढला. "घरात कधी असं बोलली नाहीस गं."

"आजपासून बोलेन."

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवून तिच्याकडे नीट पाहिले. मग हसून म्हणाले, "माझ्या जागेवर बरोबर माणूस दिला म्हणायचा." वहिनींना उमेदवारी मिळाली आणि या वेळी त्या जिंकल्या. यजमानांनी पेठेतल्या साऱ्या सायकलींत दिवसभर फुकट हवा भरली.

मग पक्षाची नवी कचेरी झाली आणि मी माळ्यावर गेले. धूळ बसली, उंदरांनी कडा कुरतडल्या. एकटेपणा वाटे. पण राग कोणाचा धरू? माझ्यावर बसायला कोणी उरले नव्हते, कारण बायका आता खुर्च्यांवर बसत होत्या.

एक दिवस वहिनी स्वतः माळ्यावर चढल्या. विधानभवनात एक तरुण सदस्य तान्ह्या मुलीला घेऊन येत असे. मतदानाची घंटा झाली की बाळ कोणाकडे द्यायचे, म्हणून ती व्हरांड्यात घुटमळे. वहिनींनी आणि सूनबाईंनी भांडून भांडून तिथे लेकरांसाठी एक खोली मिळवली होती. "नवी सतरंजी टोचते. जुनी मऊ असते," म्हणत वहिनींनी मला धुतले, कडकडीत उन्हात वाळवले आणि इथे आणून अंथरले.

आता आमदारांची, कारकुनांची, झाडूवाल्या बायकांची मुले माझ्यावर रांगतात. मी फार सुखात आहे.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. जुनी वस्तू टाकण्याआधी तिला एकदा ऊन दाखवा. आणि तुमची आई, आत्या किंवा शेजारच्या काकू चार लोकांत बोलायला निघाल्या, तर त्यांच्या हातातले काम घटकाभर तुम्ही घ्या.

आता थोडे हळू बोला हं. नुकतीच घंटा झाली. त्या तरुण सदस्याने आपल्या लेकीला माझ्यावर निजवले, पांघरूण सारखे केले आणि ती घाईने आत गेली. भिंतीपलीकडून 'होय' असा मोठा आवाज आला. त्यातला एक आवाज तिचा होता. बाळाने झोपेतच मूठ उघडली आणि माझा एक सुटलेला धागा घट्ट धरला.