देवाला विचारलेला प्रश्न

भाईच्या डोळ्यांत पुन्हा पिवळी झाक दिसली, तेव्हाच मी ओळखलं.

"गोळी घेतस मां?"

माझा थोरला भाऊ पडवीत रापणीचं जाळं शिवत होता. मान वर न करता म्हणाला, "बंद केलंय. रिपोर्टात विषाणू गावलो नाय. मगे रवळनाथाक विचारलंय. देवान उजवो कौल दिल्यान."

आमच्याकडे गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

मी मालवणच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. हेपॅटायटिस बीची ही गोळी विषाणूला मारत नाही, हे याच पडवीत कितीदा सांगितलं होतं. विषाणू स्वतःच्या नकला काढतो. गोळी त्या जोडणीत खोटी कडी घुसवते आणि नक्कल अर्धी राहते. रक्त स्वच्छ दिसतं. पण मूळ प्रत यकृताच्या पेशीत, अगदी केंद्रकात, तशीच बसलेली असते. गोळी थांबली की नकला पुन्हा सुरू होतात, शरीर त्या पेशींवरच तुटून पडतं, आणि यकृत निकामी होऊ शकतं.

"मासोळी नाय थंय रापण कित्याक ओढू?" भाई म्हणाला.

"ती शिकलली आसा, तिचा आयक," यशोदावहिनी आतून ओरडली.

"ती शिकलली, मगे देव काय अडाणी?"

मी पडवीतूनच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आत्ताच सुरू करा, उद्या घेऊन या. भाई जाळंच शिवत राहिला. देवाचा शब्द मोडायचा नव्हता त्याला.

"देवाक काय विचारलंस?" शेवटी मी विचारलं.

"रक्तात रोग नाय मां, म्हणान."

"मगे देव खरा बोललो. रक्तात नायच. लिव्हरात आसा. ता खंय विचारलंस?"

भाईचे हात थांबले.

"तर परत विचारूया," वहिनी म्हणाली.

"परत परत विचारूक देव काय हिच्या लॅबातलो शिपाय?" म्हणाला खरा, पण शर्ट चढवला.

देवळात गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा रवळनाथा, लिव्हरात लपलेलो रोग गोळयेन दाबून ठेवूचो काय? होय तर उजवी दी."

"होय म्हाराजा," आम्ही म्हणालो. मीसुद्धा.

पाकळी पडेना. ओली पाकळी वाळली की सुटते, कुठलीही, हे मला ठाऊक होतं. घरून निघताना पर्समध्ये टाकलेली भाईच्या गोळ्यांची पट्टी मी घट्ट धरली होती. इतकी वर्षं शिकून मी एका पाकळीची वाट बघत उभी होते.

उजवी पडली.

भाईने तीर्थाबरोबर गोळी गिळली. बाहेर येताना म्हणाला, "रिपोर्ट परत बरो इलो तर?"

"तर देवाक काय विचारूचा, ता आधी माका विचार."