अक्कलदाढेमागची वाट

गुणाजी लाडांचा जबडा मोडला तो घाटकोपरच्या मैदानावर, आणि तोही स्वतः शिकवलेल्या पोरीच्या टाचेनं. कबड्डीच्या सरावात.

"लाथ कसली झकास होती!" हे त्यांनी हॉस्पिटलात आल्यापासून मिटल्या दातांतून तीनदा सांगून झालं होतं.

भूल देणारी डॉक्टर श्रुतिका हसली. मग तिनं त्यांच्या नाकपुड्यांत बॅटरीचा उजेड टाकला. हसू तिथंच थांबलं.

तपकिरी खपल्या. सूज. दोन्हीकडे पू.

"काका, सर्दी झालीय?"

"नाय."

"तपकीर ओढतत," त्यांची बायको प्रेमा म्हणाली. "तीस वर्सां. तुमका सांगूक लाजतत."

आता आली पंचाईत. असल्या ऑपरेशनला पूर्ण भूल दिली की श्वासाची नळी घालावीच लागते. जबड्याच्या कामात ती बहुधा नाकातून जाते, कारण दात एकमेकांवर नीट बसवून तारेनं बांधायचे असतात. तोंड मोकळं हवं. पण हे असलं नाक! त्यातून सरकलेली नळी जंतूंचं गाठोडं घेऊनच खाली उतरणार. थेट फुप्फुसात.

"नाकातून नाही घालणार मी."

"मग तोंडातून?" सर्जन सुबोध म्हणाला. "दात काय तुझ्या नळीवर मिटवू? गळ्याला भोक पाडू या, श्रुतिका. दुसरं काय!"

भोक. गुणाजी ताडकन उठून बसले. हात गळ्यावर. "माझो आवाज—"

श्रुतिकाचं डोकं पळत सुटलं. नाक नको. गळा नको. तोंड नको.

तोंड का नको?

नळी दातांच्या मध्ये येते म्हणून.

आणि दातांच्या मागून आली तर?

"काका! अक्कलदाढा आहेत?"

"उजवीकडची दोनय काढलंय."

"तरीच," प्रेमा म्हणाली.

मोडलेली बाजू डावी, आणि मागची मोकळी जागा उजवीकडे! श्रुतिकानं हातमोजा चढवला. उजव्या गालाच्या आतून बोट सरकत सरकत शेवटच्या दाढेच्या मागं गेलं.

"मिटा दात. हळू."

गुणाजींनी डोळेसुद्धा मिटले.

बोट मोकळं! चावलं नाही, चेंगरलं नाही.

"सुबोध, बसतंय! अरे, बसतंय!"

"ओरडू नको यार, वॉर्ड आहे," सुबोध म्हणाला, आणि लगेच त्याच्या दुप्पट ओरडला, "काका, परत मिटा!"

अर्ध्या तासात गुणाजी टेबलावर. भूल चढली. आत तारेची गुंडाळी असलेली लवचीक नळी तोंडातून श्वासनलिकेत गेली. श्रुतिकानं ती उजवीकडे ओढली, दाढेमागच्या खाचेत बसवली. सुबोधनं जबडा उचलला, दात जुळवत आणले.

मॉनिटरवरची श्वासाची लाट आखडली. दाढेशी नळी चेपत होती.

"थांब!"

सुबोध थांबला. हात तसेच जबड्यावर. श्रुतिकानं नळी केसभर मागं सरकवली.

लाट चढली. उतरली. पुन्हा चढली, चांगली भरदार.

"आता मिट."

वरचे दात खालच्यांवर अलगद टेकले.

"बांध," श्रुतिका म्हणाली. सुबोधनं पहिली तार पिळली.