अर्धा सूर

विनायकने गिटारची जाड तार छेडली, दिगंबरने आपल्या गिटारची छेडली, आणि दोघेही थबकले.

“अर्धा सूर वर आहे तुझी,” विनायक म्हणाला.

दिगंबरचा चेहरा उतरला. दोघांचे वडील चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत होते, तेव्हा कॉलेजात या दोघांना रॉक अँड रोलचं वेड लागलं. परदेशी तारा मिळणं मुश्कील. अर्धा सूर उतरवून लावल्या की टिकायच्या. पुढे चंदीगडच्या हॉटेलांत, लग्नांत, क्लबांत जोडी तशीच वाजत राहिली. विनायक धून वाजवी, दिगंबर मागे ठेका धरी. दुसऱ्या कुणाशी यांचा सूर जुळत नसे, आणि विनायकला त्याचाच कोण अभिमान.

बसस्टँडवरच्या स्फोटानंतर दिगंबरची बायको शैलजा मुलीला घेऊन साताऱ्याला गेली ती गेलीच. तिथल्या शाळेत दिगंबरला संगीतशिक्षकाची नोकरी मिळाली होती, पण विनायकला त्याने ते अजून सांगितलं नव्हतं. घरी तो तारा पेटीच्या सुराला चढवून चोरून सराव करी. आज तारा उतरवायला विसरला, तसाच विनायककडे तालमीला आला, आणि चहा होतोय तोवर कर्फ्यू लागला.

खालून पोलिसांची जीप गेली. भोंगा पुन्हा घरातच राहायला बजावत होता.

“पेटीवर लावलीस?”

“हो. मुलीची आहे ना, ती.”

“मुलगी तर साताऱ्याला आहे.”

चोराच्या मनात चांदणं. उठून जावं, तर दाराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही.  दिगंबर घाईघाईने खुंट्या उलट्या फिरवू लागला.

“राहू दे यार. मीच चढवतो.”

“जुन्या आहेत, विनू. तुटतील.”

विनायक एकेक तार चढवत गेला. पाच तारांनी तग धरला. सगळ्यात बारीक होती ती तटकन तुटली. बोटावर आलेलं रक्त त्याने चोखलं.

“तू जाईपर्यंत टिकेल असं वाटलं होतं,” तो म्हणाला.

दिगंबरचे डोळे भरून आले होते. त्याने खाली बघत त्यांच्या नेहमीच्या पहिल्या गाण्याचा ठेका धरला. विनायकने उरलेल्या तारांवर धून उचलली, पण ती वर चढायची जागा आली तसा तो थांबला. तिथे बारीक तारच लागते. त्याने मानेने खूण केली.

इतक्या वर्षांत ती ओळ दिगंबरने एकदाही वाजवली नव्हती. ती त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ होती.

विनायक मागे ठेका धरून होता.