एकदाच भरायची पिशवी

मित्रांनो, मी जुनी नाही. माझ्या जातीला जुनं व्हायची परवानगीच नसते. मी जंतू वाढवायची प्लास्टिकची पिशवी आहे, एकदाच भरायची. आज मात्र मला दुसऱ्यांदा भरलं आहे, आणि मला भीती वाटते आहे.

दूरच्या कारखान्यात मी जन्मले. जाड, पारदर्शक अंग आणि तळाशी तोटी. तिथून अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका लहानशा कंपनीत आले. तिथल्या वर्षालीताईने मला हलत्या पाटावर निजवलं, पोटात गोड खाऊ भरला, हवा दिली आणि थेंबभर जंतू सोडले. साधे नव्हेत हं! ताप ओळखायच्या तपासणीला लागणारं प्रथिन ते बनवत. एक औषध पचवायलाही त्यांना शिकवलं होतं. खाऊत ते औषध मिसळलं की बाकीचे जंतू मरावेत आणि हेच तेवढे जगावेत म्हणून. पाट मला पाळण्यासारखा झुलवी, यंत्र मला माणसाच्या अंगाइतकं कोमट ठेवी. बघता बघता थेंबाचे कोट्यवधी झाले. "लय छान वाढले!" ताई म्हणाली. माझ्या आयुष्यातलं कौतुक ते तेवढंच.

मग मला रिकामं केलं. उरलेसुरले जंतू मरावेत म्हणून रिकाम्या पिशवीला मोठ्या कुकरमध्ये वाफेवर शिजवायचं आणि मग फाडायचं, असा तिथला नेम. पण नेमकी त्या दिवशी वीज गेली.

"मनोजभाऊ, बाजूले ठेवा. लाइन आली का शिजवू," एवढं सांगून ताई दुसऱ्या कामाला लागली.

मनोज तिथं साफसफाई करतो. माणूस वाईट नाही. पण त्याच्या गल्लीत नळ कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून तिथं डबा असो की कॅन, कोणी काही रिकामं ठेवत नाही. तोटी असलेली मजबूत पिशवी फाडणं त्याच्या जिवावर आलं. मला साबणाने खळखळून धुऊन तो घरी घेऊन आला.

"अशी चांगली वस्तू फेकून काहून देतेत?" त्याच्या आईने, मनकर्णाबाईंनी, विचारलं.

"एकदाच वापरतेत, माय."

"माजले लेकाचे! आपल्याले तं उन्हाळाभर पुरन."

आज सकाळी नळ आला. मनकर्णाबाईंनी मला काठोकाठ भरून अंगणातल्या खुंटीला टांगलं. कंपनीत मला कोमट ठेवायला यंत्र लागायचं. अकोल्याच्या मे महिन्यात काहीच लागत नाही. साबण माझ्या तोटीच्या आत पोचलाच नव्हता. तिथं चिकटून बसलेले ते जंतू आता पुन्हा जागे झाले आहेत. मला कळतं ना! ते माणसाला काही करत नाहीत, असं वर्षालीताई म्हणायची. पण तीच ताई हातमोजे घातल्याशिवाय मला कधी शिवली नाही. शिवाय औषध पचवायची ती कला ते माणसाच्या पोटातल्या दुसऱ्या जंतूंनाही शिकवू शकतात.

मनोजची लेक आचल नुकतीच टायफॉईडमधून उठली आहे. चार पावलं चालली की धापा टाकते. डॉक्टरांनी तिला उकळलेलंच पाणी द्यायला सांगितलं आहे. आज मात्र मनकर्णाबाईंनी पातेलं चुलीवरून उतरवलं.

"दवाई बनवतेत त्या कंपनीची पिशवी हाय. हे पाणी कायले उकळा? जाय पोरी, पी."

आचल पेला घेऊन आली आहे. तिचा हात माझ्या तोटीवर आहे. मला ओरडता येत नाही, मित्रांनो, आणि फुटताही येत नाही, इतकी मी मजबूत.

छत्र्या, खुर्च्या, घड्याळं तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा. मी विनवते, मला जपू नका. कोणीतरी कात्री आणा. लवकर आणा, पेला अर्धा भरला आहे.