रसिका बहुत चेष्टा करती है

मी काही मारकुटी आई नाही. सगळ्याच मारकुट्या आया असं म्हणतात, ठाऊक आहे मला. पण दहा वर्षांत रसिकावर मी तीन-चारदा हात उगारला असेल, तोही ती अगदी लहान असताना, गरम इस्त्रीला हात लावायला गेली म्हणून वगैरे. पाचवीच्या निकालाच्या दिवशी मात्र मी तिला सणसणीत दोन लगावल्या. त्याचंच सांगतेय.

शहाण्णव सालचा मार्च संपत आला होता. आम्हाला गुडगावला येऊन दोन वर्षं झाली होती. श्रीपादला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, एका परदेशी कंपनीत नोकरी लागली, म्हणून जनकपुरीचं भाड्याचं घर सोडून आम्ही इथे फ्लॅट घेतला. "मोकळं बघ किती आहे," म्हणाला. मोकळं होतंच. आमच्या तीन बिल्डिंगा सोडल्या तर बाकी गव्हाची शेतं आणि बिल्डरांच्या पाट्या. दुपारी वीज जायची ती मनात येईल तेव्हा यायची. माझं विमा कंपनीचं ऑफिस दिल्लीत, चार्टर्ड बसने जाऊन-येऊन तीन तास. श्रीपादचा पाय घरात ठरेना. आठवड्यातले चार दिवस पानिपतच्या फॅक्टरीत. घर, सिलिंडर, पाण्याचा टँकर, पोरीचा अभ्यास, सगळं माझ्याच गळ्यात.

त्यात रसिकाची शाळा पाचवीपर्यंतच. सहावीला दुसरी शोधायची होती. फेब्रुवारीपासून मी रजा टाकून हिंडत होते. एका शाळेने फॉर्मच दिला नाही. दुसरीने परीक्षा घेतली आणि यादीत नाव लावलं नाही. आता एकच उरली होती, नवी, मोठी, घरापासून पायी दहा मिनिटांवर. तिथे नंबर लागला नाही तर दिल्लीतली शाळा. म्हणजे पहाटे पावणेसहाची बस आणि घरी यायला दुपारचे साडेतीन. पोर काडीसारखी, आणि बसमध्ये बसलं की उलट्या. पहिल्या आठवड्यातच अंथरूण धरणार, हे मला दिसत होतं. म्हणून ती एक शाळा मला हवीच होती.

निकालाच्या दिवशी हाफ डे टाकून गेले. वर्गाबाहेर ही रांग. आतमध्ये भादुरी मिस, तिची वर्गशिक्षिका, रिपोर्ट कार्डं वाटत होत्या. बंगाली बाई, पन्नाशीच्या, चष्मा दोरीला बांधलेला. माझ्या हातात कार्ड देऊन हसल्या, काहीतरी बोलणार होत्या, तेवढ्यात मागच्या सरदारजींनी आपल्या मुलाचा विषय काढला. मी बाहेर जिन्यात येऊन उघडलं. गणित शंभरात एकेचाळीस. इंग्रजी पन्नास. खाली शेऱ्याच्या चौकटीत मोठ्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'रसिका कक्षा में बहुत चेष्टा करती है। गणित कमज़ोर है।'

मस्तकात तिडीकच गेली. मी इकडे रजा फुकट घालवतेय, बसला लोंबकळतेय, साहेबाची बोलणी खातेय, आणि ही बया वर्गात बसून चेष्टामस्करी करते! बहुत करते! मग गणित कमजोर नाही होणार तर काय होणार? आणि हे कार्ड आता नव्या शाळेच्या फॉर्मला जोडायचं. म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

घरी आले. वीज नव्हती. रसिका खिडकीपाशी बसून कार्डाचीच वाट बघत होती. चप्पल काढायच्या आधी मी विचारलं, "काय गं, वर्गात चेष्टा करतेस?"

तिचा चेहरा असा फुलला! "हो! मिसनी लिहिलंय?"

"रोज करतेस?"

"रोज. मॅथ्सच्या पिरियडला सगळ्यात जास्त."

"अगं, कोणाची करतेस?"

ती जरा गोंधळली. "कोणाची म्हणजे... मॅथ्सची. आणि इंग्लिशची पण."

गणिताची चेष्टा! आणि तोंड वर करून मला सांगते! मी एक लगावली. ती माझ्याकडे बघतच राहिली. रडलीसुद्धा नाही. मला वाटलं, बघा निर्ढावलेली. म्हणून दुसरी लगावली.

"पुन्हा करशील चेष्टा?"

"नको करू?"

"वर मला विचारतेस? खबरदार पुन्हा केलीस तर! नवीन शाळेत तर बिल्कुल नाही. कबूल कर."

"नाही करणार," ती म्हणाली. मग गालावर हात ठेवून आतल्या खोलीत गेली.

संध्याकाळी श्रीपादचा पानिपतहून फोन आला. त्याला सगळं सांगितलं. "अच्छा? चेष्टा? आपली रसू?" तो म्हणाला. "ती तर घरात तोंड उघडत नाही गं." मी म्हटलं, तुला काय माहीत तुझी मुलगी, तू असतोस कुठे. झालं, त्याने फोन ठेवला. अशी आमची संभाषणं तेव्हा व्हायची.

प्रवेशपरीक्षेला दहा दिवस होते. रोज ऑफिसातून आले की कुकर लावायचा आणि तिला घेऊन बसायचं. आणि ह्या दहा दिवसांत पोर बदलली. आधी ती एकेका गणिताशी झटायची, खोडरबराने कागदाला भोक पडेपर्यंत खोडायची, जीभ बाहेर काढून पुन्हा लिहायची. आता गणित वाचायची, येत असलं तर सोडवायची, नसलं तर पेन्सिल खाली ठेवायची. "हे नाही येत."

"अगं, बघ तरी जरा."

"नाही येत, आई." आणि माझ्या हाताकडे बघायची.

मला वाटलं, अडून बसलीये. मारल्याचा राग धरलाय. मीही थकलेली, चार्टर्ड बसमध्ये उभी राहून पोटऱ्या भरून यायच्या. म्हटलं, राहिलं. निदान चेष्टा तरी बंद झाली. माझी अक्कल बघा.

शनिवारी परीक्षा झाली. सोमवारी मुलीला घेऊन भेटायला या, असा निरोप आला. मी कॉटनची कडक साडी नेसले, रसिकाच्या दोन वेण्या घातल्या, आणि आम्ही चालत गेलो. प्रिन्सिपल मिसेस खुराना. बॉबकट, एसी लावलेली केबिन, काचेखाली शाळेचा नकाशा. त्यांनी रसिकाचा गणिताचा पेपर माझ्यासमोर सरकवला.

"मिसेस सबनीस, ये देखिए. बीस सवाल हैं. छह किए हैं, छहों सही. बाकी चौदह कोरे. पेन्सिल तक नहीं लगाई." मग त्या रसिकाकडे वळल्या. आवाज मऊ होता. "बेटा, बाकी क्यों छोड़ दिए? आते नहीं थे?"

"पक्का नहीं आते थे."

"तो थोड़ी कोशिश करनी थी ना."

रसिकाने माझ्याकडे बघितलं. मग टेबलाकडे बघत म्हणाली, "मम्मी ने मना किया है."

"क्या मना किया है?"

"चेष्टा करने से."

मेलं, इथे पण हेच! मी घाईघाईने म्हटलं, "नहीं मैडम, वो क्या है, पुरानी क्लास में ये बहुत चेष्टा करती थी, टीचर ने कंप्लेंट लिखी थी, इसलिए मैंने डाँटा. अब बिल्कुल नहीं करती."

मिसेस खुरानांनी चष्मा काढला. फाइलमधून रिपोर्ट कार्ड काढून त्यांनी तो शेरा वाचला. एकदा त्या कार्डाकडे, एकदा माझ्याकडे. "कंप्लेंट? टीचर ने तो तारीफ़ लिखी है. बहुत चेष्टा करती है. मेहनत करती है, ट्राय करती है. आप लोगों में चेष्टा का मतलब क्या होता है?"

मी सांगितलं. काय सांगितलं ते आठवत नाही, पण सांगितलं. त्या मोठ्याने हसल्या. शेजारच्या टेबलावरच्या क्लार्कलाही त्यांनी सांगितलं, "सुनो, मराठी में चेष्टा माने मज़ाक!" तोही हसला. आणि मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. दहा वर्षं दिल्लीत काढली. भाजीवाल्याशी, साहेबाशी, गॅसवाल्याशी हिंदीत भांडले. पण ही सगळी माणसं कोशिश म्हणतात, ट्राय म्हणतात, चेष्टा म्हणताना मी कोणाला ऐकलं नव्हतं. भादुरी मिस बंगाली, आणि बंगालीत प्रयत्नाला चेष्टाच म्हणतात. त्या दिवसभर तेच म्हणत असणार. चेष्टा करो, बच्चो, चेष्टा करो. आणि माझी मुलगी दिल्लीत वाढलेली. घरात आम्ही मस्करी म्हणतो, चेष्टा म्हणतच नाही. तिला त्या शब्दाचा तेवढा एकच अर्थ माहीत.

म्हणजे तिला जमत नव्हतं तरी ती झटत होती. मी विचारलं, झटतेस? ती म्हणाली, हो, रोज. म्हणून मी तिला मारलं. दोनदा मारलं. आणि वदवून घेतलं, पुन्हा करणार नाही म्हणून.

मी तिथेच, त्या एसीत, दोन परक्या माणसांसमोर रडायला लागले. मिसेस खुरानांचं हसू थांबलं. बाई वाईट नव्हती. म्हणाली, "चलिए, आधा घंटा देती हूँ. बगल के कमरे में बैठे और बाकी सवाल करे. बीस में दस चाहिए मुझे. उससे कम नहीं ले सकती, सीटें ही नहीं हैं."

मी रसिकासमोर उकिडवी बसले. "रसू, माझं चुकलं गं. मिसनी तुझं कौतुक लिहिलं होतं. मला तो शब्दच कळला नाही. आईला कळला नाही."

"म्हणजे करू?"

"कर. सगळे कर."

"आणि नाही आले तर?"

"नाही आले तर नाही आले. तू कर."

ती आत गेली. मी बाहेर बाकावर बसले. देवाधर्माचं मला फारसं नाही, पण त्या अर्ध्या तासात कुठला देव सोडला नाही. चार हवे होते फक्त. चौदातले चार. शिपायाने पाणी आणून दिलं तेही तसंच राहिलं. दाराच्या काचेतून मला तिची एक वेणी दिसत होती. मान खाली, वेणी हलत होती.

अर्ध्या तासाने मिसेस खुरानांनी मला आत बोलावलं. पेपर काळाकुट्ट झाला होता. कडेला, पाठीमागे, जिथे जागा मिळेल तिथे बेरजा, भागाकार, खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं. चौदाच्या चौदा केले होते. त्यांनी लाल पेनने दोनच बरोबरच्या खुणा केल्या होत्या.

"आठ," त्या म्हणाल्या. "आय एम सॉरी, मिसेस सबनीस. दस होते तो मैं कुछ करती."

मी हातापाया पडले नाही. महिन्यापूर्वी पडले असते. माझ्यात आता तेवढंही बळ उरलं नव्हतं. थँक यू म्हणून फाइल उचलली आणि बाहेर आले. झालं. पावणेसहाची बस. उद्या दिल्लीच्या शाळेत जाऊन फॉर्म भरायचा, बसचा पास काढायचा, ओकारीच्या गोळ्या विचारायच्या.

रसिका गेटपाशी उभी होती. एप्रिलची दुपार, डांबर नुकतंच पडलेला रस्ता, सावली कुठे नाही. नाकावर, हनुवटीवर पेन्सिलीचं काळं लागलेलं.

"सगळे केले मी," ती म्हणाली. "एकही सोडला नाही. मिळाली शाळा?"

"नाही गं. दोन कमी पडले."

ती एक पाऊल मागे सरकली. मी जवळ गेले, तिच्या नाकावरचं काळं पुसायला हात पुढे केला, आणि तिने डोळे गच्च मिटून घेतले. मान खांद्यात ओढली. गाल वळवला नाही, पळाली नाही, नुसती डोळे मिटून उभी राहिली. मारून घ्यायला.

माझा हात तसाच मध्ये राहिला. पुढे नेला तर ती आणखी आक्रसणार, मागे घेतला तर ती त्याचा काय अर्थ लावेल, मला कळेना. रस्त्याने एक ट्रॅक्टर गेला, त्यावरची माणसं आमच्याकडे बघत गेली.

"रसू," मी म्हटलं, "मी बघितला पेपर. सगळे केलेस तू."

बऱ्याच वेळाने तिने एक डोळा उघडला आणि आधी माझा हात बघितला.